'नाम म्हणजे नाव' ही व्याख्या संशोधनात का पुरत नाही?



संशोधनाची तयारी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा विषय कुठे ना कुठे मराठी मजकुराशी येऊन भिडतो. कुणी बातम्यांचं विश्लेषण करणार असतं, कुणी पाठ्यपुस्तकांची भाषा तपासणार असतं, तर कुणी माझ्यासारखं संगणकाला मराठी वाक्यं वाचायला शिकवत असतं. या सगळ्यांच्या आराखड्यात एक वाक्य हमखास येतं: 'मजकुरातील नामे ओळखून त्यांची वारंवारिता मोजण्यात येईल.' वाक्य अगदी निरुपद्रवी दिसतं. वाचणाराही तिथे थांबत नाही.

आज या एकाच वाक्यावर थांबू. माझं म्हणणं असं आहे की शाळेपासून पाठ केलेली नामाची व्याख्या नाम म्हणजे काय याची कल्पना देते, पण समोरच्या वाक्यात नाम कोणतं हे ठरवायला ती पुरत नाही. ठरवण्यासाठी कसोटी लागते. व्याख्या आणि कसोटी यांतला फरक नीट कळला, तर तुमच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणातला एक मोठा कच्चा दुवा पक्का होईल.

व्याख्या कुठे अडखळते?

कोणतंही मार्गदर्शक पुस्तक उघडा. व्यक्ती, वस्तू, ठिकाण, गुण, भाव यांना दिलेलं नाव म्हणजे नाम, अशा आशयाची ओळ सापडेल. खाली तीन प्रकार: सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम. उदाहरणं आंबा, गोदावरी, प्रामाणिकपणा. इथवर सगळं छान.

आता 'गोड', 'गोडी' आणि 'गोडवा' हे तीन शब्द घ्या. तिन्ही एकाच गुणाबद्दल बोलतात. मग गुणाचं नाव कोणतं? तुम्ही लगेच म्हणाल, गोडी आणि गोडवा ही नामं, गोड हे विशेषण. बरोबर. पण हे तुम्हाला अर्थावरून कळलं का? नाही. 'गोड आंबा' म्हणता येतं आणि 'गोडवा आंबा' म्हणता येत नाही, हे तुमच्या कानाला माहीत आहे. उत्तर कानाने दिलं, श्रेय मात्र व्याख्येला मिळालं.

दुसरी अडचण क्रियेची. क्रिया दाखवतं ते क्रियापद, असं आपण शिकतो. भूकंप, लग्न, मारामारी, प्रवास या सगळ्या घटना किंवा क्रियाच आहेत, तरी ही नामं. उलट 'असणे' या क्रियापदात कुणी काही करत नाही. अर्थाच्या तराजूत तोललं तर 'मारामारी' ही 'आहे'पेक्षा कितीतरी जास्त क्रिया वाटते.

ही अडचण नवीन नाही. यास्कांनी निरुक्ताच्या सुरुवातीलाच नाम आणि आख्यात यांचा भेद अर्थावरून केला आहे. नामात सत्त्व प्रधान, आख्यातात भाव प्रधान. पण तिथेच त्यांना 'व्रज्या' आणि 'पक्ति' यांसारख्या शब्दांची दखल घ्यावी लागली. जाणं आणि शिजवणं या क्रिया, पण एखाद्या घडून पुऱ्या झालेल्या वस्तूसारख्या मांडलेल्या. म्हणजे अर्थावरून व्याख्या करणाऱ्याला तिची सीमारेषा कुठे पुसट होते हे ठाऊक होतं. पाणिनींनी पदांची विभागणी दुसऱ्या वाटेने केली: शेवटी कोणत्या गटातला प्रत्यय येतो ते बघा, सुप् की तिङ्. इथे आधार शब्दाच्या रूपाचा आहे. संस्कृतासारख्या प्रत्ययप्रधान भाषेत ही कसोटी फार दूरवर नेते.

मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली आलं आणि मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. शब्दांच्या आठ जातींची चौकट आपल्या अंगवळणी पडली ती अशा ग्रंथांच्या परंपरेतून. या ग्रंथांत चर्चा आहे, शंका आहेत, अपवाद आहेत. परीक्षेच्या पुस्तकांपर्यंत येताना चर्चा गळाली आणि एक ओळ उरली. माझी टीका त्या उरलेल्या ओळीवर आहे, मूळ ग्रंथांवर नाही. आणि ती ओळसुद्धा पाचवीच्या वर्गासाठी वाईट नाही. मुलांना कल्पना यायला ती पुरते. आपण तीच ओळ प्रबंधात मोजपट्टी म्हणून वापरतो, तिथे घोळ होतो.

प्रत्ययाची कसोटी

मग नाम ओळखायचं कसं? पहिली कसोटी सगळ्यांना सुचते. शब्दाचं सामान्यरूप होऊन त्याला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागतं का? घोडा, घोड्याला. मूल, मुलासाठी. घर, घरासमोर. चांगली कसोटी आहे, पण दोन्ही बाजूंनी गळते.

एक गळती अशी की नाम नसलेल्या शब्दांनाही प्रत्यय लागतात. 'कालचा पेपर', 'वरचा मजला', 'इथून पुढे'. फक्त 'चा' किंवा 'ऊन' बघून संगणकाला नाम ठरवायला सांगितलं तर काल, वर, इथे हे सगळे नामांच्या यादीत जाऊन बसतील. दुसरी गळती उलटी. 'मी आंबा खाल्ला' यात आंब्याला कोणताच दिसणारा प्रत्यय नाही, म्हणून काय तो नाम नाही?

शिवाय मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी जोडून लिहितात. 'घरासमोरच्या' हा कागदावर एक शब्द आहे, पण त्यात घर, समोर आणि चा अशा तीन गोष्टी आहेत. हिंदीत 'घर के सामने के' असं सुटं लिहितात. त्यामुळे हिंदीसाठी बनवलेले नियम जसेच्या तसे मराठीला लावले, तर नाम कुठे संपलं हा पहिला प्रश्नच सुटत नाही. शब्द कुठे तोडायचा हे आधी ठरवा, मगच मोजा.

स्वतःचं लिंग असण्याची कसोटी

मला मराठीत सगळ्यात उपयोगी वाटलेली कसोटी ही. विशेषण दुसऱ्याप्रमाणे बदलतं: चांगला, चांगली, चांगलं. नामाला मात्र स्वतःचं लिंग असतं आणि ते आजूबाजूच्या शब्दांना बदलायला लावतं. आंबा पडला, कैरी पडली, फळ पडलं. म्हणजे प्रश्न असा विचारायचा: या वाक्यात कोण कुणाला बदलायला लावतंय?

आता खरी मजा बघा. ही दोन वाक्यं:

त्याने फार खर्च केला.
त्याने सगळे पैसे खर्च केले.

शब्द तोच, 'करणे' हे क्रियापदही तेच. पहिल्या वाक्यात 'केला' हे रूप 'खर्च' या पुल्लिंगी शब्दामुळे आलं. दुसऱ्यात 'केले' हे 'पैसे'मुळे आलं. तिथे 'खर्च' कुणालाच बदलायला लावत नाही. विशेषण घालून बघा. 'त्याने मोठा खर्च केला' चालतं. 'त्याने सगळे पैसे मोठा खर्च केले' हे कुणीच म्हणणार नाही. म्हणजे पहिल्या वाक्यात 'खर्च' नामासारखा वागतो आणि दुसऱ्यात 'खर्च करणे' या जोडक्रियापदाचा नुसता एक तुकडा होऊन बसतो.

'पाठ' या शब्दाचं असंच. 'तिने कविता पाठ केली, श्लोक पाठ केला, गाणं पाठ केलं.' क्रियापद दर वेळी बदललं, पण ते पाठ केलेल्या गोष्टीप्रमाणे. 'पाठ' शब्द गप्प बसून आहे. तोच शब्द 'पहिला पाठ वाचला' मध्ये पुल्लिंगी नाम आहे आणि 'माझी पाठ दुखते' मध्ये स्त्रीलिंगी.

आता अर्थ जवळजवळ सारखा असलेली जोडी: 'तिने त्याला क्षमा केली' आणि 'तिने त्याला माफ केलं'. 'क्षमा' स्त्रीलिंगी, म्हणून 'केली'. 'माफ'ला लिंगच नाही, म्हणून क्रियापद निमूटपणे नपुंसकलिंगी झालं. अर्थ बघत बसलात तर या दोघांत फरक करायला काहीच सापडणार नाही. रूप बघितलं तर फरक उघड आहे.

हीही कसोटी सर्वत्र चालत नाही, ते आत्ताच सांगतो. 'तो खर्च करतो' या वर्तमानकाळी वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, त्यामुळे काहीच कळत नाही. उपाय सोपा: वाक्य भूतकाळात नेऊन बघा. दुसरी अडचण नपुंसकलिंगी शब्दांची. 'त्यांनी मला सहकार्य केलं' यात 'केलं' हे सहकार्यामुळे आलं की 'माफ केलं'सारखं आपोआप आलं, हे सांगता येत नाही. तिथे विशेषण घालून बघायचं. 'मोलाचं सहकार्य केलं' चालतं, म्हणून नाम.

वाक्यातली जागा रिकामी ठेवून कोणते शब्द तिथे बसतात ते बघण्याची ही रीत इंग्रजीसाठी चार्ल्स फ्राइझ यांनी १९५२ च्या 'द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश' या पुस्तकात पद्धतशीर वापरली. त्यांचा मुद्दा असा होता की शब्दांच्या जाती अर्थावर सोडल्या तर दोन माणसं दोन उत्तरं देतील, पण चौकटीत बसतो की नाही हे दोघांनाही तपासता येईल. मात्र त्यांच्या चौकटी उचलून मराठीत आणायची गरज नाही. मराठीला लिंग आहे, सामान्यरूप आहे. इंग्रजीत न मिळणारे पुरावे आपल्याकडे फुकट मिळतात, ते का सोडायचे?

विशेषनामाचा वेगळा पेच

इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं. जर्मनमध्ये तर सगळ्याच नामांचं पहिलं अक्षर मोठं लिहितात. देवनागरीत ही सोय नाही. म्हणून मराठी मजकुरातली माणसांची नावं शोधणं हे स्वतंत्र डोकेदुखीचं काम आहे. ते फालतूही नाही. समजा, दवाखान्यातल्या नोंदी संशोधनासाठी द्यायच्या आहेत आणि त्याआधी रुग्णांची नावं झाकायची आहेत. एखादं 'प्रगती' किंवा 'सागर' साधा शब्द समजून तसंच राहिलं, तर एका खऱ्या माणसाची ओळख उघडी पडते.

मार्गदर्शक पुस्तकं इथे सांगतात की विशेषनाम कधी कधी सामान्यनामासारखं वापरतात. 'आमच्या गल्लीत चार सचिन आहेत' वगैरे. हे खरं आहे, पण ओळखायचं कसं ते पुस्तक सांगत नाही. रूपाकडे बघितलं तर एक धागा मिळतो. 'प्रकाशाने खोली भरली' आणि 'प्रकाशने दार उघडलं'. 'कवितेला चाल लावली' आणि 'कविताला बोलावलं'. आजच्या मराठीत माणसांची नावं बहुतेक वेळा सामान्यरूप न होता तशीच प्रत्यय घेतात. साधा शब्द मात्र बदलतो. 'आशेने वाट बघितली' आणि 'आशाने गोळ्या दिल्या' यांतला फरक तुम्हाला एका मात्रेवरून कळतो. अर्थात ही दुसरी आशा एखाद्या बाईचं नाव आहे की गावातली आरोग्यसेविका, ते मात्र आजूबाजूची वाक्यं वाचल्याशिवाय कळणार नाही.

या धाग्यालाही मर्यादा आहेत. 'प्रगतीला' हे रूप दोन्ही अर्थांनी सारखंच होतं. आणि जुन्या मजकुरात 'गोविंदाने', 'माधवाला' अशी नावांचीही सामान्यरूपं सर्रास सापडतात. म्हणजे आजच्या बातम्यांवर घासूनपुसून तयार केलेली कसोटी शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांवर लावली तर ती चुकणार. तुमची सामग्री कोणत्या काळातली आहे हे लिहिणं यासाठीही आवश्यक असतं.

मग उत्तर कुणाचं बरोबर?

काही ठिकाणी कसोट्या लावूनही निर्णय आपणच घ्यावा लागतो. 'शहाण्याला शब्दांचा मार' यात 'शहाण्याला' हे काय? कोशात 'शहाणा' विशेषण आहे. या वाक्यात ते नामाचं काम करतंय. 'त्याचं धावणं बघण्यासारखं आहे' यात 'धावणं' धातूपासून आलेलं आहे, पण त्याला 'त्याचं' हे विशेषण लागलंय आणि 'धावण्याचा' असं सामान्यरूपही होतं.

इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात. शब्दाची मूळ जात कोणती, हा एक. या वाक्यात तो काय काम करतोय, हा दुसरा. दोन्हींपैकी कोणताही निवडा, चालेल. पण पानागणिक बदलू नका, आणि निवडलेला प्रश्न लिहून ठेवा.

जगभरच्या भाषांसाठी एकच खुणांची यादी ठरवण्याचा जो युनिव्हर्सल डिपेंडन्सीज हा प्रकल्प आहे, त्यात शब्दांना १७ खुणा आहेत आणि नाम व विशेषनाम यांना वेगवेगळ्या. इंग्रजीच्या पेन ट्रीबँकमध्ये शब्दांच्या ३६ खुणा आहेत, त्यांतल्या चार नामांच्या. आपल्या शाळेत आठ जाती. म्हणजे 'नामं किती सापडली' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणती यादी घेतली त्यावरही बदलतं. त्या प्रकल्पातला मराठीचा पहिला संच पाचशेहूनही कमी वाक्यांचा होता. एवढ्या लहान संचात 'खर्च', 'पाठ', 'माफ' असे पंधरा-वीस शब्द इकडचे तिकडे झाले तरी आकडे हलतात, आणि संगणक तीच गफलत नियम म्हणून शिकतो. मराठीकडे सामग्री कमी आहे म्हणून 'जसं जमेल तसं' चालवून घेण्याची आपल्याला सवय लागली आहे. मला ते उलटं वाटतं. सामग्री कमी असेल तर प्रत्येक खूण जास्त काळजीने लावायला हवी.

एकमत मोजा, पण नीट मोजा

नियम लिहिल्यावर ते चालतात का ते बघायचं. त्यासाठी तोच मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचा. समजा १०० शब्द आहेत. ३० शब्दांना दोघांनीही नाम म्हटलं, ५० शब्दांना दोघांनीही 'नाम नाही' म्हटलं. उरलेल्या २० पैकी १० फक्त पहिल्याने नाम ठरवले आणि १० फक्त दुसऱ्याने. एकमत ८० टक्के. प्रबंधात लिहायला छान आकडा.

पण थांबा. दोघांनीही प्रत्येकी ४० शब्दांना नाम म्हटलं आहे. त्यांनी डोळे मिटून याच प्रमाणात खुणा लावल्या असत्या, तरी काही ठिकाणी योगायोगाने एकमत झालंच असतं. ते किती? ०.४ गुणिले ०.४ अधिक ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.५२. योगायोगाच्या पलीकडे मिळू शकणारं एकमत ०.४८ आणि प्रत्यक्षात मिळालेलं ०.८० वजा ०.५२, म्हणजे ०.२८. भागाकार साधारण ०.५८. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा नावाचा मापक तो हाच. ८० टक्क्यांचा रुबाब ०.५८ वर येतो, आणि 'आमचं बहुतांशी एकमत होतं' या वाक्यामागे किती हवा होती ते कळतं.

आकड्यापेक्षाही महत्त्वाचे आहेत ते मतभेदाचे २० शब्द. ते एकेक काढून वाचा. बहुतेक वेळा ते दोन-तीन प्रकारांत विभागले जातात: जोडक्रियापदं, नामासारखी वापरलेली विशेषणं, 'णं'ने संपणारी रूपं. प्रत्येक प्रकारासाठी एक नियम लिहा आणि नव्या मजकुरावर पुन्हा तपासा. जुन्याच मजकुरावर तपासलंत तर तुम्ही नियम तपासत नाही, पाठांतर तपासता.

तुमच्या प्रकरणात काय लिहाल?

'नामे ओळखण्यात आली' या वाक्याच्या जागी साधारण एवढं यायला हवं: शब्द कुठे तोडला; कोणती खुणांची यादी घेतली; मूळ जात बघितली की वाक्यातलं काम; कोणत्या कसोट्या कोणत्या क्रमाने लावल्या; कसोट्यांत विरोध आला तेव्हा कुणाचं ऐकलं; किती जणांनी तपासलं आणि कप्पा किती आला. एक पान पुरतं. मौखिक परीक्षेत 'हे नाम कशावरून?' असं कुणी विचारलं, तर व्याख्या म्हणून दाखवण्यापेक्षा त्या पानावर बोट ठेवणं केव्हाही बरं.

सरावासाठी सहा वाक्यं देतो. अधोरेखित शब्द मुद्दाम दिलेला नाही, प्रत्येक वाक्यातली सगळी नामं शोधा.

१. सरकारने शिक्षणावर भर दिला.
२. भर पावसात तो दिवसभर उभा होता.
३. आधी बादली भर, मग कर भरायला जा.
४. तिने वाट बघून चटणी वाटली.
५. मोठ्यांनी लहानांना दोष दिला.
६. सागरने सागराचा फोटो पसंत केला.

मित्राला किंवा मैत्रिणीला हीच वाक्यं वेगळ्या कागदावर द्या, एकमेकांशी न बोलता सोडवा आणि मग ताडून बघा. जिथे उत्तरं जुळणार नाहीत तिथे भांडू नका, कसोटी लिहा. तुमच्या दोघांची उत्तरं जिथे वेगळी आली ती वाक्यं मला नक्की कळवा, पुढच्या लेखात जोडक्रियापदांवर लिहिणार आहे, तिथे त्यांचा उपयोग होईल.